लॅबमधली दवंडी : संगणकातला साधा निरोप मुलांना का शिकवायला हवा?



आज थोडा वेगळा विषय घेतोय. निबंध, व्याकरण, शिष्यवृत्तीचे सराव संच यांच्यापेक्षा वेगळा, पण वर्गातूनच आलेला. आपल्या शाळेतल्या संगणक कक्षातले संगणक एकमेकांना वायरीने जोडलेले असतात. त्या जोडणीवरून, इंटरनेट नसतानाही, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर दोन ओळींचा निरोप पाठवता येतो. त्यासाठी कुठलं ॲप घ्यावं लागत नाही, सोय विंडोजमध्येच असते. आपल्यापैकी बहुतेकांना ती माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यातले बरेच जण म्हणतात, "कशाला मुलांना असले उद्योग शिकवायचे?" माझं मत उलट आहे. ते मत कसं बनलं, आणि त्यात माझी चूक कुठे झाली, दोन्ही सांगतो.

एक दुपार

मी तिसगावच्या परिसरात शिकवतो. नगरहून पाथर्डीकडे येताना करंजी घाट उतरला की पुढे आमचा भाग लागतो. लाईटचा खेळखंडोबा आम्हाला नवा नाही. लॅबमध्ये बारा संगणक आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या, लाईट गेली की पाच-सहा मिनिटांत माना टाकतात.

थंडीचे दिवस होते. सातवीची मुलं 'माझी आजी' हा निबंध मराठीत टाईप करत होती. लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागले. मी नेहमीसारखा ओरडलो, "सेव्ह करा रे, सेव्ह करा!" मुलांनी पटापट सेव्ह केलं. कोपऱ्यातल्या संगणकावर एक मुलगी मात्र टाईप करतच राहिली. तिला ऐकू फार कमी येतं. ओठांच्या हालचालींवरून तिला बरंच कळतं, पण त्या वेळी तिचं तोंड पडद्याकडे होतं. पंखे थंडीमुळे बंदच होते, खिडकीतून भरपूर ऊन येत होतं, म्हणजे लाईट गेल्याची खूण तिच्यासाठी एकही नव्हती. शेजारी बसणारी मैत्रीण त्या दिवशी आली नव्हती. मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत पडदा काळा झाला.

अर्ध्या तासाचं काम गेलं. ती रडली नाही. तिने फक्त आजूबाजूला पाहिलं, बाकीच्यांचे निबंध शाबूत आहेत हे तिच्या लक्षात आलं आणि ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय विचारायचंय ते मला कळलं : सगळ्यांना सांगितलंत, मला का नाही?

समावेशित शिक्षणावर आपण प्रशिक्षणं करतो, अहवाल भरतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे हेही आपल्याला पाठ असतं. पण "सेव्ह करा" एवढे दोन शब्द त्या मुलीपर्यंत पोचवायची व्यवस्था माझ्या लॅबमध्ये नव्हती. तिथून मी शोधायला लागलो.

ही सोय म्हणजे नेमकं काय?

आपल्या गावात पूर्वी दवंडी पिटायचे. हलगी वाजायची, लोक हातातलं काम थांबवून दारात यायचे, मग निरोप सांगितला जायचा. दवंडीची तीन लक्षणं होती. ती न मागता येते, सगळ्यांना एकाच वेळी येते आणि ऐकणाऱ्याला आपलं काम थांबवायला लावते. संगणकावरचा हा निरोप अगदी तसाच आहे. मुलगा काहीही करत असो, पडद्याच्या मधोमध छोटी चौकट उघडते. तिच्यात कोणी पाठवलं, किती वाजता आणि काय निरोप आहे, एवढंच दिसतं. खाली 'ओके'चं बटण.

ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात युनिक्स नावाची संगणक प्रणाली वापरात आली. त्या काळी एका मोठ्या संगणकावर अनेक जण आपापल्या पडद्यावर बसून काम करायचे. त्यातल्या एकाला निरोप द्यायला 'राईट' ही आज्ञा होती आणि सगळ्यांना एकदम द्यायला 'वॉल'. संगणक बंद करायच्या आधी व्यवस्थापक 'वॉल'ने कळवायचा की दहा मिनिटांत यंत्र बंद होतंय, कामं आवरा. म्हणजे आमच्या लॅबमधली अडचण पन्नास वर्षांपूर्वीही होती आणि तिच्यावरचा उपायही होता.

त्यात आणखी एक सोय होती, ती मला फार आवडते. ज्याला कामात व्यत्यय नको त्याने 'मेसग' आज्ञेने आपलं दार लावून घ्यायचं. मग इतरांचे निरोप त्याच्या पडद्यावर येत नाहीत. मुख्य व्यवस्थापकाचा निरोप मात्र बंद दारातूनही आत येतो. रोजच्या गप्पांना दार बंद करता यावं, पण घर पेटलं असेल तर दार ठोठावायचा हक्क कुणाला तरी असावा, हा विचार त्या दोन आज्ञांमध्ये आहे. आजच्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपना हा विचार अजून नीट जमलेला नाही!

'नेट सेंड' का बंद पडलं?

ज्यांनी वीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लास केले त्यांना 'नेट सेंड' आठवत असेल. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपीमध्ये ही आज्ञा होती. काळ्या खिडकीत 'नेट सेंड', समोरच्या संगणकाचं नाव आणि निरोप टाईप केला की झालं. क्लासमधल्या मुलांनी सरांची नजर चुकवून एकमेकांना काय काय पाठवलं असेल ते सांगायला नको.

या सोयीमागे 'मेसेंजर सर्व्हिस' नावाची सेवा चालायची. (नंतर आलेल्या चॅटच्या मेसेंजरशी तिचा संबंध नाही.) ती बनवली होती कार्यालयातल्या आपल्याच माणसांसाठी. पण घरोघरी इंटरनेट आलं आणि तेच दार बाहेरच्यांनाही उघडं राहिलं. २००२-०३ च्या सुमारास जगभर लोकांच्या पडद्यांवर जाहिरातींच्या चौकटी उगवायला लागल्या. त्यातला एक प्रकार तर कहर होता. 'अशा चौकटी बंद करायच्या असतील तर आमचं सॉफ्टवेअर विकत घ्या' अशी जाहिरात त्याच चौकटीतून यायची! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००३ मध्ये अशा एका कंपनीला कोर्टात खेचलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टला या सेवेतलं एक गंभीर छिद्र बुजवावं लागलं, कारण त्यातून बाहेरच्या माणसाला संगणकाचा ताबाच घेता आला असता. २००४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने ही सेवा मुळातच बंद ठेवली आणि पुढे व्हिस्टामधून ती काढूनच टाकली.

यातून शिकायचं काय? दवंडी वाईट नव्हती. गावाच्या वेशीवर कुणी उभं नव्हतं, म्हणून कुणीही परका येऊन हलगी वाजवू लागला. असं होत राहिलं की लोक हलगीचा आवाज आला तरी दारात येत नाहीत, आणि मग खरी दवंडीही वाया जाते.

आज काय करता येतं?

'नेट सेंड' गेलं तरी त्याचं एक भावंड शिल्लक आहे. 'एमएसजी' नावाची आज्ञा विंडोजच्या 'प्रो' आवृत्तीत आजही मिळते. 'होम' आवृत्तीत ती नाही, म्हणून आधी आपल्या लॅबमधल्या संगणकांवर कुठली आवृत्ती आहे ते बघा.

पहिला प्रयोग एकाच संगणकावर करा. काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट उघडा. एमएसजी ही तीन रोमन अक्षरं, एक मोकळी जागा, ताऱ्याचं चिन्ह (*), पुन्हा मोकळी जागा आणि निरोप. एंटर दाबलं की चौकट समोर येते. ताऱ्याचा अर्थ 'या यंत्रावर लॉगिन असलेले सगळे'. दुसऱ्या संगणकावर पाठवायचं असेल तर मध्ये तिरकी रेघ देऊन 'सर्व्हर', मग विसर्गासारखी दोन टिंबं आणि त्या संगणकाचं नाव घालायचं.

दुसऱ्या संगणकावर निरोप पहिल्या फटक्यात जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी दोन शनिवार त्यात घालवले. तीन गोष्टी लागतात. एक, समोरच्या संगणकाच्या रजिस्ट्रीत 'टर्मिनल सर्व्हर' या कप्प्यातल्या 'अलाव रिमोट आरपीसी'ची किंमत शून्याची एक करावी लागते. दोन, फायरवॉलमध्ये लॅबच्या खासगी नेटवर्कपुरती वाट द्यावी लागते, सार्वजनिक नेटवर्कसाठी कधीही नाही. तीन, पाठवणाऱ्याचं खातं आणि पासवर्ड समोरच्या संगणकाला ओळखीचे असावे लागतात. रजिस्ट्रीत हात घालायची सवय नसेल तर जाणकार माणसाला शेजारी बसवूनच करा.

ही आज्ञा एका वेळी एकाच संगणकाला निरोप देते. म्हणून नोटपॅडमध्ये बारा संगणकांच्या बारा ओळी लिहून एक बॅच फाईल केली. फाईलवर दोनदा क्लिक केलं की ती निरोप विचारते आणि बाराही पडद्यांवर पाठवते. काळ्या खिडकीत देवनागरी आमच्याकडे नीट उमटेना, म्हणून निरोप मराठी आणि अक्षरं रोमन असा मार्ग काढला. मुलं मोबाईलवर तसंच लिहितात, त्यांना काही अडलं नाही.

मर्यादाही लक्षात घ्या. संगणक बंद असेल किंवा त्यावर कुणी लॉगिन नसेल तर निरोप पोचत नाही. चौकट नेहमीच्या सेटिंगला एका मिनिटाने आपोआप जाते, वेळ वाढवता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं : सगळे संगणक ज्या छोट्या डबीला म्हणजे नेटवर्क स्विचला जोडलेले असतात, ती डबीसुद्धा यूपीएसवर हवी. आमची नव्हती. पहिल्या चाचणीला लाईट गेली, संगणक चालू राहिले आणि डबी बंद! निरोप जागच्या जागी.

सगळं जमल्यावर पुढच्या वेळी लाईट गेली तेव्हा मी ओरडलो नाही. चौकट उघडली, त्या मुलीने वाचली, सेव्ह केलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहून हसली. मला वाटलं, काम झालं. पण खरा धडा पुढे होता.

माझी चूक आणि एका मुलाचा खोडसाळपणा

एके दिवशी कार्यालयातून बोलावणं आलं म्हणून मी लॅबमधून पाच मिनिटं बाहेर गेलो. माझा संगणक लॉक केला नव्हता आणि ती फाईल डेस्कटॉपवरच होती. एक मुलगा उठला, माझ्या खुर्चीत बसला आणि त्याने सगळ्यांना निरोप पाठवला : 'बिबट्या आलाय, पळा.'

तुम्ही दुसरीकडचे असाल तर कदाचित हसाल. आमच्याकडे हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. त्या दिवसांत संध्याकाळ झाली की वस्त्यांवर दारं लागायची. माझ्या वर्गातली बरीच मुलं वस्तीवर राहतात आणि उसाच्या कडेने पायवाटेने शाळेत येतात.

गंमत अशी की वर्गातली मुलं फारशी घाबरली नाहीत. पाठवणारा स्वतःच खुसखुसत होता, ते त्यांना ऐकू आलं. दोन सेकंदांत सगळ्यांना कळलं की मस्करी आहे. तिला ते ऐकू आलं नाही. तिच्यासमोर फक्त चौकट होती, आणि त्या चौकटीवर विश्वास ठेवायला मीच तिला शिकवलं होतं. मी परत आलो तेव्हा वर्ग हसत होता आणि ती टेबलाखाली गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे, आणि हा सगळा लेख तिच्यासाठीच आहे. ज्याच्याकडे माहितीच्या चार वाटा आहेत त्याला एका वाटेवरची थाप पचते. तो बाकीच्या तीन वाटांवर खात्री करून घेतो. ज्याच्याकडे एकच वाट आहे, त्याला तीच थाप टेबलाखाली बसवते. वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी, वाचता न येणारा आणि फक्त फोनवर ऐकणारा माणूस, ऐकू न येणारं मूल, या सगळ्यांची एकच वाट असते. धोक्याचा निरोप पाठवणाऱ्याने आधी यांचा विचार केला पाहिजे.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवतो. तात्पर्य एकच सांगतो : खोटं बोलू नये. मीही तेवढंच सांगत होतो. पण त्या गोष्टीत ओरडायचा अधिकार कुणाला, खरंखोटं कसं ओळखायचं, चुकीची हाक गेली तर परत कशी घ्यायची, हे प्रश्न आपण मुलांना कधी विचारत नाही. आजच्या मुलांना ते विचारावेच लागतील. आज प्रत्येकाच्या हातात हलगी आहे.

बंद करायचं की शिकवायचं?

सहकारी म्हणाले, "काढून टाका ती फाईल. कशाला डोक्याला ताप?" एका पालकांचंही तेच म्हणणं होतं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण फाईल काढली असती तर त्या मुलाची अक्कल वाढली नसती, आणि लाईट गेल्यावर ती मुलगी पुन्हा निरोपाशिवाय राहिली असती. शिक्षा चुकीच्या माणसाला झाली असती.

शिवाय पहिला दोष माझा होता. वेशीचं दार मी उघडं टाकून गेलो होतो. विंडोजचं बोधचिन्ह असलेली कळ आणि एल दाबली की संगणक लॉक होतो. एका सेकंदाचं काम मी केलं नाही. हे मी वर्गासमोर कबूल केलं. मग त्या मुलाला पुढे बोलावलं आणि रागावण्याऐवजी एकच विचारलं, "तू हसत होतास, ते तिला कसं कळणार होतं?" त्याने उत्तर दिलं नाही. मधल्या सुट्टीत तो तिच्या बाकाजवळ उभा असलेला दिसला. काय बोलला मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाने मिळून नियम केले. आम्ही जग कसं करतं तेही पाहिलं, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या लॅबचा नाही.

आपल्याच जिल्ह्यात, आणि पुणे-नाशिककडेही, गावोगावी ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला की गावकरी एका ठरलेल्या टोल फ्री नंबरवर फोन करतो आणि त्याचा आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या लोकांच्या फोनवर जातो. ही खरी आजची दवंडी. तिथेही सांगणाऱ्याने आपलं नाव, घटना आणि ठिकाण सांगायचं असतं. आवाज स्वतःचाच असल्याने जबाबदारीही स्वतःचीच राहते.

२०२३ साली आपल्या सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते, आठवतंय? दूरसंचार विभागाची ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम निरोप देणारी ही व्यवस्था पूर, भूकंप अशा वेळी वापरायची आहे. अनेक घरांत लोक दचकले. पण त्या निरोपातच लिहिलं होतं की ही चाचणी आहे, काही करायची गरज नाही. सराव असेल तर सराव म्हणून सांगा, हा नियम आम्ही तिथून घेतला.

चूक झाल्यावर काय होतं ते हवाईने पाहिलं. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी अमेरिकेच्या त्या बेटांवर फोनवर निरोप आला की क्षेपणास्त्र येतंय आणि हा सराव नाही. लोकांनी मुलांना घेऊन आसरा शोधला. निरोप चुकीचा होता. पण चुकीचा असल्याचं फोनवर कळवायला ३८ मिनिटं लागली, कारण दुरुस्तीचा निरोप कुणी तयार ठेवला नव्हता. आमचा पाचवा नियम तिथून आला.

पुठ्ठ्यावर लिहून लॅबच्या भिंतीला लावलेले आमचे नियम असे :

१. निरोपात चार गोष्टी हव्यातच : कोण सांगतंय, काय झालं, कुठे आणि आता काय करायचं.
२. निरोप बारा शब्दांत बसला पाहिजे.
३. सराव असेल तर पहिला शब्द 'चाचणी'.
४. ज्या निरोपासाठी वर्गाचं काम थांबवायची गरज नाही, तो निरोप चौकटीतून पाठवायचा नाही. फळा आहे, तोंड आहे.
५. चुकीचा निरोप गेला तर पहिल्या मिनिटात 'आधीचा निरोप चुकीचा' असा निरोप पाठवायचा. तो आधीच टाईप करून ठेवायचा.
६. पाठवायची पाळी आठवड्याला एका विद्यार्थ्याची, शिक्षक शेजारी असतानाच.

'बिबट्या आलाय, पळा' हा निरोप या नियमांवर घासून बघा. कोण सांगतंय ते नाही, कुठे ते नाही आणि 'पळा' म्हणजे कुठे पळा? खरा बिबट्या आला असता तरी तो निरोप वाईटच होता, मुलं बाहेर पळाली असती. मुलांनी तो सुधारून लिहिला : 'गुरुजी सांगतात. मैदानात बिबट्या दिसला. वर्गातच थांबा. दारं-खिडक्या लावा.' मोजा, नऊच शब्द आहेत. सारांशलेखनाचा याहून चांगला तास मी आजवर घेतलेला नाही.

"व्हॉट्सॲप असताना हे कशाला?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. पहिलं उत्तर व्यवहाराचं. लॅबमध्ये मुलांकडे फोन नसतात आणि नसावेतच. आमच्याकडे नेट असलं तर असतं. शेजारच्या बाकावर निरोप द्यायला तो आधी गावाबाहेरच्या कुठल्या तरी सर्व्हरला भेटून यायची गरज नाही. बारा वायरी आणि एक डबी पुरते. नेटवर्क म्हणजे फक्त इंटरनेट नव्हे, ही साधी गोष्ट मुलांना पुस्तकातून कळत नाही, पण नेटची वायर काढून ठेवून निरोप पाठवून दाखवला की लगेच कळते.

दुसरं उत्तर मोठ्या माणसांसाठी आहे. शाळेच्या पालक ग्रुपवर काय होतं बघा. सकाळी फुलांचे फोटो, मग वाढदिवस, मग कुणाचा तरी फॉरवर्ड, आणि मध्येच कुठे तरी 'उद्या पावसामुळे शाळा सकाळची'. दुसऱ्या दिवशी दहा मुलं दुपारी येतात आणि पालक म्हणतात, "आम्हाला कळवलंच नाही." कळवलं होतं, पण फुलांखाली गेलं होतं. 'नेट सेंड' जाहिरातींनी मेलं, आपले ग्रुप शुभ सकाळने मरतात. यावर मी सुचवतो की प्रत्येक शाळेने सूचनांचा एक वेगळा ग्रुप ठेवावा, त्यात फक्त शिक्षकांनी लिहावं आणि फक्त असं लिहावं की ज्यामुळे कुणाला तरी काही तरी करायचं आहे.

आणि पालकहो, बिबट्या, चोर, मुलं पळवणारी टोळी असा निरोप आला तर पुढे ढकलण्याआधी आमच्या सातवीच्या पुठ्ठ्यावरचा पहिला नियम लावून बघा. कोण, काय, कुठे, काय करायचं. चारांपैकी दोन जरी गायब असतील तर अंगठा थांबवा आणि सरळ फोन करून विचारा. तुमच्याकडे चार वाटा आहेत. तुमचा निरोप ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे कदाचित एकच असेल.

वर्गात करून बघा

संगणक नसले तरी हा तास घेता येतो. चिठ्ठ्यांवर प्रसंग लिहा : लाईट जाणार आहे, पाणी पिऊ नका, टाकी साफ करायची आहे, रस्त्यावर ओढ्याला पूर आलाय, एक लहान मूल सापडलंय. मुलांनी बारा शब्दांत निरोप लिहायचा. मग एका मुलाने कान झाकून, एकाने डोळे मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी तो निरोप त्यांच्यापर्यंत कसा पोचवायचा ते शोधायचं. आमच्या मुलांनी डोळे मिटलेल्याला तोंडाने आणि कान झाकलेल्याला पाटीने निरोप दिला. म्हणजे एकच निरोप दोन वाटांनी गेला पाहिजे, हे त्यांना न सांगता कळलं. आता लाईट गेली की चौकटही येते आणि पाळीचा विद्यार्थी तोंडानेही सांगतो.

ती मुलगी आता आठवीत आहे. मागच्या महिन्यात लाईट गेली, चौकट आली. तिने वाचली, पण लगेच सेव्ह केलं नाही. आधी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मग तिने सेव्ह केलं. त्या एका खोट्या निरोपाला आता बरेच महिने झाले आहेत, तरी ती अजून आधी माझ्याकडे बघते.

तुमच्या शाळेत असा काही प्रयोग केला असेल किंवा करणार असाल, तर नियमांचा पुठ्ठा आधी लावा आणि फाईल नंतर बनवा. मी उलटं केलं होतं.